खंडेनवमीचे रीडिंग

डॉ. शालिनी ओव्हाळ यांना मी पहिल्यांदा पाहिले ते एका खड्ड्यातून. चिखलीच्या कॉलेजमागे मी अर्थिंगचा खड्डा खणत होतो. कमरेइतका आत होतो, आणि वर काठावर चपला काढून एक बाई उकिडव्या बसल्या होत्या. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून मी तेव्हा चाकणच्या एका इलेक्ट्रिक कंत्राटदाराकडे कामाला होतो. कोळसा आणि मिठाचे थर कसे देणार, असे त्यांनी मला विचारले. मी सांगितले.

"आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालणार यात?"

"शिपाई घालेल ना."

"शिपाई नाही घालणार. मीच घालीन. पण तुम्ही अर्थिंग नीट करा हं. नाहीतर मी जन्मभर शेजारच्या कारखान्यातल्या प्रेसवर संशोधन करत बसेन आणि मला कळायचंही नाही."

साइटवर मला सगळे 'ए चाकण' म्हणत. मला 'तुम्ही' म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. त्या उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी त्यांनी स्वतः घातले, हे मी पाहिले, कारण तोवर त्यांनी मला प्रयोगशाळेत कंत्राटी मदतनीस म्हणून घेतले होते.

मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने मला कळवले की मॅडमच्या स्वभावाच्या आठवणी लिहाव्यात आणि सूर प्रसन्न असावा. आठवणी लिहितो. सुराचे मला सांगता येत नाही. मॅडमनी ग्रंथाला होकार देताना एकच अट घातली होती, की कोणाच्याही लेखाची काटछाट करू नये. त्या अटीच्या भरवशावर पुढचे लिहीत आहे.

त्यांचे काम काय होते, हे या ग्रंथात विद्वान मंडळींनी लिहिले असेलच. मला जसे समजले तसे मी सांगतो. केसाच्या जाडीचे हजारो भाग करावेत आणि त्यातला एक उचलावा, एवढा पातळ पदार्थाचा थर दोन धातूंच्या मध्ये बसवायचा. त्यातून वीज सोडली की त्याचा विरोध बदलतो, आणि वीज बंद केल्यावरही तो बदल त्याच्या लक्षात राहतो. आपल्या मेंदूत दोन पेशींच्या जोडावर असेच काहीसे होते म्हणतात. वापरला तो जोड घट्ट होतो. असे पुष्कळ जोड एका पेटीत एकत्र केले की ती पेटी शिकू लागते. तिला नियम सांगावे लागत नाहीत, उदाहरणे दाखवावी लागतात.

अडचण अशी की एवढ्या लहान वस्तूत एक इलेक्ट्रॉनसुद्धा मोठा असतो. थरात कुठेतरी एखादी खाच असते. तिथे इलेक्ट्रॉन अडकला की प्रवाह एक पायरी खाली येतो, आणि सुटला की पुन्हा वर जातो. पडद्यावर ती रेघ सारखी वर-खाली उड्या मारते. याला नॉइज म्हणतात. आम्ही प्रयोगशाळेत खरखर म्हणत असू. जगभर बहुतेक लोक ही खरखर गाळून टाकतात. पुष्कळ रीडिंगची सरासरी काढली की रेघ गुळगुळीत होते आणि छापायला छान दिसते. मॅडमचे म्हणणे होते की मेंदूसुद्धा खरखरीतच काम करतो. ही खरखर आधी नीट मोजावी आणि मग कामाला लावावी.

माझे चुलते एकदा गावाहून, म्हणजे चाकणहून, प्रयोगशाळा बघायला आले. पोरगा कुठल्या कंपनीत आहे ते घरी कोणाला नीट सांगता येत नव्हते. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारले, "काका, तुम्ही कारखान्यात होतात ना? बाऊल फीडर पाहिलाय?"

"व्हय, म्हंजी वाडगं हालतंय आन् नट रांगंनं भाईर येत्यात, त्येच ना?"

"तेच. हलवणं बंद केलं तर?"

"आडाकत्यात की समदे. येक आडवा झाला का मागचे खोळांबले."

"आणि जास्त हलवलं तर?"

"मंग उडून भाईर. मला येकदा कपाळावर बसला हुता."

"झालं तर मग. आमच्या पेटीचंही तसंच आहे. खरखर अजिबात नसेल तर ती पहिल्या उत्तरावर अडकून बसते. फार असेल तर शिकलेलंच विसरते. बेताची असेल तर अडकलेलं सुटतं, आणि ती पुन्हा विचार करते."

चुलत्यांनी पडद्याकडे बोट केले. "म्हंजी ह्या यंतराला शंका बी येती?"

"येऊ द्यायची, काका."

"ब्येस हाय. आमच्या सरपंचाला कधी आली न्हाई."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुढे त्यांच्या व्याख्यानांत हे वाक्य येत असे, आणि दर वेळी त्या "चाकणचे एक जाणकार म्हणाले" असे सांगत.

ही पेटी त्यांना कशासाठी हवी होती, ते मात्र त्या व्याख्यानात सांगत नसत. त्यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पेडल एकदा दाबले की प्रेस एकदाच खाली यायला हवी. क्लच झिजला की ती कधीतरी आपोआप दुसऱ्यांदा येते. त्याला शॉपमध्ये 'डबल मारली' म्हणतात. जॉब, म्हणजे ठोकलेला तुकडा, काढायला हात आत गेलेला असतो. ओव्हाळ आजोबांच्या उजव्या हाताची दोन बोटे अशी गेली. चौकशीत, मशीन व्यवस्थित होती, असे ठरले. सांगवीला त्यांच्या घरी मी एकदा गेलो होतो. आजोबांनी डाव्या हाताने मला चहाचा कप दिला आणि मॅडमकडे बघत म्हणाले, "हिला शाळेत असताना एकच प्रश्न पडायचा, की मशीन व्यवस्थित होती हे कुणाला विचारून ठरवलं?"

मॅडमची पेटी प्रेसच्या अंगावर बसणार होती. क्लचची थरथर सतत ऐकून, तो झिजतो आहे हे प्रेस डबल मारायच्या आत सांगणार होती. सगळे ठीक असेल तर हिरवा दिवा, धोका असेल तर लाल, आणि पेटीची स्वतःचीच खात्री नसेल तर पिवळा. पिवळ्या दिव्यासाठी मॅडम शेवटपर्यंत भांडल्या. ऑपरेटरसाठीच्या सूचना मराठीतच हव्यात असा त्यांचा आग्रह होता, आणि त्या लिहायचे काम त्यांनी मला दिले. पहिली ओळ आम्ही दोघांनी मिळून ठरवली: 'पिवळा दिवा लागल्यास हात आत घालू नये. पेटीला शंका आली आहे.'

चाकणची एक कंपनी या कामाला पैसे देत होती. त्यांचे इंजिनिअर दर महिन्याला येत. वयाने माझ्याएवढे, बोलायला मोकळे. त्यांना पिवळा दिवा खटकत असे.

"मॅडम, कस्टमरला काय सांगू? आमच्या मशीनला डाउट आहे? तो म्हणेल, मग घेऊ कशाला राव!"

"त्याला सांगा, डाउट असेल तर ती सांगते. तुमच्यासारखी गप्प बसत नाही."

ते हसले. पण पुढच्या वेळी येताना खरखर गाळलेली एक पेटी स्वतःच तयार करून घेऊन आले. मॅडमनी दोन्ही पेट्यांना झिजत जाणाऱ्या क्लचची तीच थरथर ऐकवली. गुळगुळीत पेटीने आरंभी हिरवा दिवा लावला आणि क्लच पार झिजेपर्यंत तो हिरवाच राहिला. आमची पेटी मध्येच पिवळी झाली, पुन्हा हिरवी, पुन्हा पिवळी, आणि मग लाल. पण चांगल्या क्लचवरही ती अधूनमधून उगाच पिवळी होत असे. मॅडमनी तेही तितक्याच ठळकपणे अहवालात घातले. इंजिनिअरच्या साहेबांनी अहवालातले नेमके तेवढेच वाचले.

मग विभागप्रमुखांनी शंका काढली. खरखर जोडाची स्वतःची आहे, की चिखलीतल्या प्रेसची, वेल्डिंगची, लेथची, लाइनमधून आलेली? शंका रास्त होती. जोडाची असेल तर मॅडमचे सगळे काम उभे राहणार होते. बाहेरची असेल तर सगळे पाण्यात. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, तेव्हा आम्ही मोजत असू. पण प्रमुख म्हणाले, गुरुवारीही निम्मी शॉप शटर ओढून चालूच असतात. "खंडेनवमीला मोजा. त्या दिवशी कुणी मशीनला हात लावत नाही. मग बोलू."

हेही खरे होते. खंडेनवमीला इथे मशीन धुऊन, पुसून, हार घालून शांत बसवतात. पूजा झालेली मशीन दसऱ्यापर्यंत कोणी सुरू करत नाही. आमच्या प्रयोगशाळेतही मी पूजा करत असे. मॅडम स्वतः करत नसत, पण दर वर्षी झेंडूची फुले त्याच आणत. त्या वर्षी त्यांनी मला विचारले, "पूजा झालेलं यंत्र चालू ठेवायचं नसतं ना? तुम्हाला वाईट वाटणार असेल तर नको मोजू या."

मी म्हणालो, "पूजेच्या आधीच चालू करू. मग हात लावायचा नाही. आपोआप मोजत राहील. पूजा बाहेरच्या पत्र्याच्या कव्हरची करतो."

तसेच केले. सकाळी मोजणी सुरू केली, कव्हर बंद केले, वर हार घातला. मॅडमनी सगळ्यांना सणासाठी घरी पाठवले. मी बाहेर पडलो तेव्हा चिखलीत एकही प्रेस वाजत नव्हती. एवढी शांत चिखली मी नंतर पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. मॅडम वडिलांना घेऊन देहूरोडच्या बुद्धविहारात गेल्या होत्या. त्यानंतरच्या सकाळी आम्ही रेघ पाहिली. सकाळचा भाग पाहून मी ओरडलोच. बाहेर सगळे बंद, आणि रेघ मात्र पायरीपायरीने वर-खाली उड्या मारत होती, नेहमीसारखीच, उलट जास्त स्वच्छ. खरखर जोडाचीच होती. मॅडमनी फक्त खुर्ची पुढे ओढली. मग दुपारचा भाग आला आणि रेघेचे रान झाले. पायऱ्या दिसेनात. सगळीकडे नुसता धुरळा.

मॅडमनी कव्हर उघडले. आत, जोड धरणाऱ्या चिमट्याखालच्या पांढऱ्या प्लॅस्टिकवर ओले हळद-कुंकू लावलेले होते आणि झेंडूची एक पाकळी चिकटली होती. ज्या जागेतून वीज मुळीच जायला नको, तिथून ती पाझरत होती. आम्ही मोजत होतो विजेचा थेंब. तिथे हा पाझर म्हणजे पूरच. कोणी लावले, ते शोधावे लागले नाही. विभागाच्या इंटरनेटवरच्या पानावर खंडेनवमीच्या दुपारचा फोटो आलेला होता. कव्हर उघडलेले, चिमट्यावर बोट टेकवलेले, चेहरा कॅमेऱ्याकडे. तो फोटो त्या संध्याकाळी काढून टाकला गेला. पण मी पाहिला आहे, मॅडमनी पाहिला आहे, आणि विभागातल्या बहुतेकांनी त्याला अंगठा दिलेला आहे.

प्रमुख लगेच आले. त्यांच्या आवाजात काळजी होती. "मॅडम, सकाळचा भाग तर मस्तच आलाय. तेवढाच दाखवा. दुपारचा काढून टाका. तुमचंही काम होतं, सगळेच खूश."

"दुपारी काय झालं, तेही लिहावं लागेल ना, सर."

"काय लिहिणार? कुंकवाने रीडिंग बिघडलं?" ते थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे दुसऱ्या कुणी लिहिलं तर चालेल हो. तुम्ही लिहिलंत तर लोक वेगळा अर्थ काढतील. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

'तुम्ही' या शब्दावर त्यांनी किती जोर दिला, ते मी ऐकले. मॅडमनीही ऐकले. त्या म्हणाल्या, "ओल्या पदार्थातून वीज पाझरते, सर. माझ्या घरचा पदार्थ असता तरी पाझरली असती."

ते गेल्यावर मीही त्यांना विनवले. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण अजूनही कधीकधी मला वाटते की माझे बरोबर होते. "मॅडम, सकाळचं खोटं नाहीये. तेवढंच द्या. पेटी प्रेसवर बसू दे. मग पुढे कधीतरी सगळं छापा."

"सागर, हे दुपारचं रीडिंग आपल्या बाजूचं असतं, तर तुम्ही काढा म्हणाला असता?"

मी कव्हर बंद केले. मला मॅडमचा राग आला होता, तो मात्र गेला नाही.

कंपनीच्या बैठकीत मॅडमनी पूर्ण दिवसाची रेघ दाखवली. सकाळ, दुपार आणि दोन्हींच्या मध्ये लिहिलेले एक वाक्य: 'येथे पूजेच्या वेळी चिमट्याला ओले हळद-कुंकू लागले.' सकाळच्या पायऱ्यांबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नाही. कुंकवाबद्दल मात्र सगळ्यांनीच विचारले. कंपनीचे साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "पूजा हा मुलगाच करतो ना?"

"सागर यांनी लावलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग कुणी?"

प्रमुख शेजारीच बसले होते. ते पाण्याची बाटली उघडत होते. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "कोणी लावलं ते मोजमापाला लागत नाही. कधी लागलं ते लागतं, आणि ते रेघेत दिसतंय."

महिन्याभरात सगळीकडे पसरले की ओव्हाळबाई आपल्या सणाला नॉइज म्हणतात. ज्यांना मॅडम दर वर्षी झेंडूची फुले देत आल्या, त्यांनीही ते पुढे सांगितले. कंपनीने कळवले की सध्या वातावरण अनुकूल नाही. प्रकल्प बंद झाला, माझे कंत्राट संपले. प्रयोगशाळेच्या खोलीत आता कॉलेजचा स्वागतकक्ष आहे. अर्थिंगच्या खड्ड्यावर फरशी बसवली आहे.

मॅडमनी जे मोजमापाला लागत नाही म्हणून सोडले, ते मला लागते, म्हणून इथे लिहितो. हळद-कुंकू लावले ते तत्कालीन विभागप्रमुखांनी. त्यात त्यांचा वाईट हेतू होता असे मला वाटत नाही. फोटो चांगला यावा एवढाच हेतू असेल. पण त्या बैठकीत 'मी लावले' एवढे दोन शब्द त्यांनी बोलायला हवे होते. ते आज या ग्रंथाच्या समितीवर आहेत आणि त्यांचा लेख पहिला आहे असे ऐकतो. लेखाचे नाव 'सत्यनिष्ठ सहकारी' आहे म्हणे. मॅडम सत्यनिष्ठ आहेतच. त्याची किंमत कोणी कोणी मोजली, ते त्यांनी लेखात लिहिले असेल, अशी आशा करतो.

मॅडमच्या उपकारांबद्दल लिहायचे राहिलेच. कंत्राट संपल्यावर त्यांनी माझ्यासाठी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. बहुतेकांनी त्यांचे नाव ऐकूनच नाही म्हटले. डिप्लोमाचे राहिलेले विषय द्यावेत म्हणून त्या सहा महिने माझ्या मागे लागल्या होत्या, आणि मी रागाने त्यांचे फोन उचलत नव्हतो. शेवटी एकदा उचलला तेव्हा त्या परीक्षेबद्दल बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या त्या मराठी सूचना मी जपून ठेवल्या आहेत. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पुढे लागतील."

आता मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहे. मागच्या वर्षी आमच्या प्रेसवर नवी पेटी बसली. मॅडमच्या पेटीसारखीच दिसते. तशाच जोडांवर चालते असे इंजिनिअर म्हणाला. फक्त खरखर गाळलेली आहे आणि दिवे दोनच आहेत. बसवल्यापासून दिवा हिरवा आहे. एका क्षणासाठीही तो हललेला नाही. क्लचचा आवाज मात्र हल्ली बदलला आहे. सुपरवायझरला मी तसे सांगितले.

"अरे भावा, हिरवा आहे ना? मग? मशीनपेक्षा तुला जास्त कळतं?"

"मला कळत नाही. पण तिलाही कळत नसेल, तर ती सांगणार कशी?"

"तू त्या ओव्हाळबाईंकडे होतास ना?" तो म्हणाला. "तरीच."

बाकीचे हसले. पण शेजारच्या प्रेसवरचा ऑपरेटर हसला नाही. दुपारी डबा खाताना त्याने मला त्या बाई काय म्हणायच्या ते विचारले. मी त्याला बाऊल फीडरपासून सगळे सांगितले. तेव्हापासून आम्ही दोघे जॉब चिमट्याने काढतो. त्याने काम मंदावते आणि बोलणी खावी लागतात.

मॅडम, तुमच्या साठाव्या वर्षी मी प्रसन्न लिहू शकलो नाही. तुम्ही ती दुपार काढून टाकली असती, तर आज या प्रेसवर पिवळा दिवा असता, असे मला रोज वाटते. आणि ती दुपार काढून टाकणाऱ्या माणसाने बनवलेल्या दिव्यावर मी माझा हात सोपवला असता का, हेही रोज वाटते. दोन्ही मनात वर-खाली होत राहतात. ते मी गाळलेले नाही.

तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो आणि ते धडधाकट असो. सांगवीच्या आजोबांनाही लाभो. निवृत्तीनंतर तुम्ही घरच्या खोलीत पुन्हा मोजणी मांडणार आहात असे कळले. अर्थिंगचा खड्डा मी येऊन खणून देईन. सुट्टीचा गुरुवार तेवढा कळवा. पाणी तुम्ही घाला. आणि तो दिवा एखाद्या प्रेसवर लागेल तेव्हा तो पाहायला तुम्ही असा, आम्हीही असू, आणि आमचे हात पूर्ण असोत.